विश्लेषण : मेगापिक्सेल तेवढेच, मग नव्या कॅमेऱ्यांत वाढलं काय?

निकॉनने 17 जून 2024 रोजी ‘झेड6 थ्री’ जाहीर केला आणि बरोबर महिन्याने, 17 जुलैला, कॅननचे ‘आर5 मार्क टू’ आणि ‘आर1’ आले. लग्नाचं काम करणाऱ्या फोटोग्राफरसाठी ही वेळ नाजूक असते. चातुर्मासात मुहूर्त जवळपास नसतात, तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होतो. जुनी बॉडी विकून नवी घ्यायची का, हे याच मधल्या महिन्यांत ठरतं. गल्ल्यात पैसे कमी, समोर हप्त्याची ऑफर आणि यूट्यूबवर प्रत्येक कॅमेरा ‘गेम चेंजर’!

पण आकडे शेजारी ठेवून पाहिले की गंमत दिसते. 2020 चा आर5 45 मेगापिक्सेलचा होता, नवा मार्क टूही 45 चाच. झेड6, झेड6 टू आणि झेड6 थ्री हे तिन्ही 24.5 चे. मग एवढे लाखो रुपये नेमके कशाचे?

उत्तर आहे सेन्सर वाचण्याच्या वेगाचे.

पट्टे का येतात?

सेन्सरवर पडलेला प्रकाश कॅमेरा एकदम वाचत नाही. वरून खाली, ओळीमागून ओळ वाचतो. इलेक्ट्रॉनिक शटर वापरताना झेड6 टूसारख्या साध्या फुल-फ्रेम सेन्सरला पूर्ण चित्र वाचायला साधारण 50 मिलिसेकंद लागतात. आपल्याकडे विजेची वारंवारता 50 हर्ट्झ आहे, म्हणून स्वस्त दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, म्हणजे दर 10 मिलिसेकंदांनी एकदा. डोळ्यांना ते कळत नाही, सेन्सरला कळतं. 50 मिलिसेकंदांत दिवा पाच वेळा मंद-तेज झाला, शटर स्पीड जास्त असला, तर फोटोत पाच काळपट पट्टे. नवरीच्या शालूवर ते आले की एडिटिंगमध्येही नीट जात नाहीत.

झेड6 थ्रीचा सेन्सर ‘अंशतः स्टॅक्ड’ आहे. पिक्सेलच्या भागाच्या वर आणि खाली वेगवान सर्किट बसवली आहेत. कंपनीच्या म्हणण्यानुसार वाचन झेड6 टूपेक्षा साडेतीन पट वेगवान, म्हणजे 14 मिलिसेकंदांच्या आसपास. पाच पट्ट्यांचे दीड झाले. आर5 मार्क टूमध्ये पूर्ण स्टॅक्ड सेन्सर आहे, सर्किटचा थर पिक्सेलच्या मागेच. वेळ सुमारे 6 मिलिसेकंद. इथे पूर्ण पट्टा मावतच नाही, फार तर फोटोचा एक भाग किंचित मंद दिसतो.

सोनीचा ‘ए9 थ्री’ (नोव्हेंबर 2023) त्याही पुढे गेला. त्यातलं ग्लोबल शटर सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपतं. लुकलुकीमुळे पट्टे येत नाहीत आणि फ्लॅश कोणत्याही शटर स्पीडला चालतो. भर दुपारच्या हळदीला, लेन्स पूर्ण उघडी ठेवून फ्लॅश मारायचा असेल तर ही मोठीच सोय आहे. जाहीर झाला तेव्हा किंमत होती सुमारे 6,000 डॉलर.

स्टेजमागची एलईडी वॉल मात्र वेगळं प्रकरण आहे. तिच्या ओळी स्वतःच पाळीपाळीने पेटतात. त्यामुळे ग्लोबल शटरलाही ती अर्धवट पेटलेली सापडू शकते. तिथे उपाय जुनाच : शटर 1/100 किंवा 1/50 वर आणा. हे फुकट आहे.

हे कुणाच्या कामाचं?

आता खरा प्रश्न. झेड6 थ्री आणि आर5 मार्क टूमध्ये मेकॅनिकल शटर आहेच आणि ते फ्रेमवरून चारेक मिलिसेकंदांत सरकतं. तुमच्या जुन्या बॉडीतलंही त्याच्या जवळपासच असतं. म्हणजे फक्त फोटो काढणाऱ्याकडे पट्ट्यांवरचा इलाज आधीपासून आहे. ‘सायलेंट शटर’चं कौतुक होतं, पण मंगलाष्टकं आणि सनई-चौघडा सुरू असताना शटरची खटखट ऐकतंय कोण? शास्त्रीय गायनाची मैफल किंवा नाटकाचा प्रयोग टिपणाऱ्याला त्याची किंमत खरी कळेल.

व्हिडिओचं गणित वेगळं. तिथे मेकॅनिकल शटर वापरताच येत नाही, प्रत्येक फ्रेम इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच वाचली जाते. वरातीत कॅमेरा झटकन वळवला की मांडवाचे खांब तिरके होतात, ते याच संथ वाचनामुळे. ज्यांचं निम्मं उत्पन्न व्हिडिओवर आहे, त्यांना हा बदल पहिल्याच कामात दिसेल.

दुसरा फायदा प्री-कॅप्चरचा. बटण दाबण्याआधीच्या अर्ध्या सेकंदाचे 15 फोटो आर5 मार्क टू साठवून ठेवतो, रॉमध्येसुद्धा. अक्षता हवेत असतानाचा क्षण हुकायचा, तो आता सापडतो. झेड6 थ्रीमध्ये एका सेकंदापर्यंत मागे जाता येतं, पण फक्त जेपीजीत.

वेगाची किंमत कुठे मोजावी लागते?

पहिली किंमत चित्रातच. झेड6 थ्रीमध्ये कमी आयएसओवर गडद भाग उजळला, तर जुन्या झेड6 टूपेक्षा नॉइज थोडा जास्त दिसतो. ए9 थ्रीचा मूळ आयएसओच 250 पासून सुरू होतो. लग्नात हे फारसं जाणवणार नाही. पहाटेचा सह्याद्री टिपणाऱ्याला जाणवेल, आणि त्याने जुनी बॉडी विकण्याची घाई करू नये असं माझं मत.

दुसरी किंमत पिशवीत. 45 मेगापिक्सेलचे रॉ सेकंदाला 30 म्हणजे सेकंदाला एक जीबीहून जास्त डेटा. त्यासाठी सीएफएक्सप्रेस कार्ड, मग कार्ड रीडर, मग मोठी हार्ड डिस्क. मार्क टूमध्ये जुन्या आर5 च्या बॅटऱ्या बसतात, पण काही सुविधा बंद होतात. 2024 मध्ये जाहीर झाले तेव्हा मार्क टूची अमेरिकेतली किंमत 4,299 डॉलर होती, झेड6 थ्रीची सुमारे 2,500. तिथल्या जाहीर किमतीत कर धरलेला नसतो, इथे 18 टक्के जीएसटी लागतो.

आणि लेन्स?

जून 2024 मध्येच सिग्माची 28-45 मिमी एफ/1.8 जाहीर झाली. फुल-फ्रेम मिररलेससाठी पूर्ण झूममध्ये एफ/1.8 देणारी ही पहिलीच लेन्स. नेहमीच्या एफ/2.8 झूमपेक्षा तिच्यात दुपटीहून जास्त प्रकाश येतो. आयएसओ 6400 च्या जागी 2500 वर काम होतं. कमी उजेडाच्या हॉलमध्ये हा फरक कोणत्याही नव्या सेन्सरपेक्षा मोठा आहे. जाहीर झाली तेव्हा किंमत होती 1,349 डॉलर, वजन जवळपास किलोभर. झूमचा पल्ला तोकडा आहे, हेही खरं.

पण ती फक्त सोनीच्या ई आणि एल माउंटसाठी आहे. कॅननने आपल्या आरएफ माउंटवर सिग्मा आणि टॅमरॉनला 2024 मध्ये वाट दिली ती छोट्या एपीएस-सी सेन्सरच्या लेन्सपुरतीच. त्यामुळे आर5 मार्क टू घेणाऱ्याला असा ऑटोफोकस झूम हवा असेल, तर कॅननच्याच लेन्सकडे पाहावं लागतं. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते. माउंट बदलायचा म्हणजे पिशवीतली प्रत्येक लेन्स विकायला काढायची, म्हणून दुकानात बॉडी हातात घेण्याआधी त्या माउंटच्या लेन्सची यादी आणि किमती मागून घ्या.