चेन पडते, घसरते, कुरकुरते : गिअरच्या सायकलची दुखणी ओळखावीत कशी?

१९ जुलै २०१० रोजी 'टूर द फ्रान्स' शर्यतीचा पंधरावा टप्पा पिरेनीज पर्वतातील पोर्त द बालेस हा घाट चढत होता. पिवळी जर्सी अंगावर असलेल्या लक्झेंबर्गच्या अँडी श्लेकने चढावर जोरदार मुसंडी मारली आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या सायकलची साखळी निसटली. खाली उतरून त्याने ती बसवली, पण तोवर स्पेनचा अल्बर्तो कोंतादोर पुढे निघून गेला होता. त्या टप्प्यात श्लेकने ३९ सेकंद गमावले आणि पिवळी जर्सीही गमावली. योगायोग असा, की पॅरिसला शर्यत संपली तेव्हा या दोघांमधील अंतरही ३९ सेकंदांचेच होते. पुढे २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात कोंतादोरचे विजेतेपद रद्द झाले व ते श्लेकला मिळाले. पण साखळी निसटल्याची ती हळहळ काही पुसली गेली नाही.

उत्तमोत्तम यंत्रतज्ज्ञ दिमतीला असलेल्या खेळाडूवर ही पाळी येते, तर रविवारी पहाटे सिंहगड किंवा लोणावळ्याच्या दिशेने निघणाऱ्या हौशी सायकलस्वाराची काय कथा! आपल्या शहरांत आता गिअरच्या हलक्या सायकली सर्रास दिसतात. मात्र त्यांच्या दुरुस्तीची आपली समज अनेकदा जुन्या काळ्या सायकलचीच असते. त्या सायकलची साखळी जाड, एकाच चक्रीवर फिरणारी आणि बहुधा चेनकव्हरमध्ये झाकलेली असे. ती सैल झाली की मागचे चाक थोडे मागे ओढायचे, तेवढ्याने भागले नाही तर एखादी कडी काढायची, की काम झाले. गिअरच्या सायकलला हा उपाय लागू पडत नाही, किंबहुना तो घातक ठरू शकतो. म्हणूनच ही यंत्रणा चालते कशी, हे आधी समजून घ्यायला हवे.

रचना आणि तिचे तत्त्व

आजच्या साखळीचे मूळ १८८० मध्ये मँचेस्टर येथे हान्स रेनॉल्ड यांनी पेटंट घेतलेल्या रोलर साखळीत आहे. दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, सायकलच्या साखळीचे हे माप आजही तेच आहे. रोड बाइकच्या साखळीत साधारण ११० कड्या असतात. पुढे पेडलला जोडलेली एक किंवा दोन चेनव्हील, मागे लहानमोठ्या दातेरी चक्र्यांची कॅसेट आणि तिच्याखाली लोंबकळणारा डिरेलर, असा हा संसार. डिरेलर दोन कामे करतो. साखळीला एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणे हे पहिले आणि स्प्रिंगच्या जोरावर तिचा सैलपणा शोषून घेणे हे दुसरे. म्हणून या सायकलची साखळी 'सैल दिसते' एवढ्यावरून कडी काढू नये. तशी आखूड केलेली साखळी पुढे मोठे चेनव्हील व मागे मोठी चक्री अशा जोडीवर चढली, तर डिरेलर ताणून मोडू शकतो.

आधी ऐका, मग पान्हा उचला

सायकल कुरकुरू लागली की पुष्कळ जण थेट तेलाची बाटली काढतात. त्याआधी आवाजाची लय ओळखावी. पेडल मारणे थांबवल्यावरही आवाज येत राहिला तर दोष चाकाचा किंवा ब्रेकचा असण्याची शक्यता अधिक. पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच 'कट्' असा आवाज येत असेल तर संशय पेडल, क्रँक किंवा मधल्या धुऱ्यावर घ्यावा. मात्र दर दोन-तीन फेऱ्यांनी नेमाने झटका बसत असेल तर साखळीतील एखादी कडी आखडलेली असते. हिशेब सोपा आहे. ५० दात्यांच्या चेनव्हीलवर ११० कड्यांची साखळी पूर्ण फिरायला पेडलचे सव्वादोन फेरे लागतात; तेवढ्या वेळाने ती दोषी कडी पुन्हा त्याच जागी येते. पेडल हळूहळू उलटे फिरवले तर डिरेलरच्या चाकांवरून जाताना ही कडी उडी मारताना दिसते. तिच्या दोन्ही बाजूंना धरून साखळी आडवी किंचित वाकवावी व तेलाचा थेंब सोडावा, बहुतेक वेळा ती मोकळी होते.

सतत खरखर येत असेल तर गिअरची जोडी पाहावी. मोठे चेनव्हील व मागची सर्वांत मोठी चक्री, किंवा लहान चेनव्हील व सर्वांत लहान चक्री अशा जोडीत साखळी तिरपी धावते, घासते आणि लवकर झिजते. हा बिघाड नव्हे, ही सवय आहे, आणि ती बदलता येते.

गिअर ऐकत नाही तेव्हा

१९८४ मध्ये शिमानो कंपनीच्या ड्युरा-एस संचाबरोबर 'इंडेक्स' पद्धतीचे गिअर आले. खटका एकदा दाबला की केबल ठरावीकच सरकते आणि साखळी नेमक्या पुढच्या चक्रीवर जाते. केबल कालांतराने किंचित सैल पडते, तेव्हा हे गणित बिघडते. खटका दाबूनही साखळी मोठ्या चक्रीवर जायला आळस करते किंवा दोन चक्र्यांमध्ये अडखळत राहते.

डिरेलरमध्ये केबल जेथे शिरते तेथे हाताने फिरणारे एक लहान नळकांडे असते. त्याला बॅरल ॲडजस्टर म्हणतात. सायकलच्या मागे उभे राहून ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवावे. केबल ताणली जाते. गिअर बदलून पाहावा आणि लागल्यास आणखी पाव फेरा द्यावा. याउलट साखळी लहान चक्रीवर उतरायला तयार नसेल तर ते सुलट फिरवावे. मात्र चढताना ताण कमी वाटतो आणि उतरताना जास्त, असे दोन्ही दोष एकदमच दिसले, तर ताण कितीही बदलून उपयोग नाही. अशा वेळी केबल आवरणात गंज किंवा चिखल साचलेला असतो, नाहीतर डिरेलर धरून ठेवणारा हँगर वाकलेला असतो. विद्युत गिअर असलेल्या सायकलींत केबलची कटकट नसते, परंतु वाकलेला हँगर आणि झिजलेली साखळी त्यांनाही चुकत नाही.

दोन छोटे स्क्रू, मोठा धोका

डिरेलरवर 'एच' व 'एल' अशी अक्षरे असलेले दोन स्क्रू असतात. 'एच' स्क्रू साखळीला लहान चक्रीच्या पलीकडे, म्हणजे फ्रेमच्या फटीत, पडू देत नाही; 'एल' स्क्रू तिला मोठ्या चक्रीच्या पलीकडे, म्हणजे चाकाच्या स्पोकमध्ये, जाऊ देत नाही. हे स्क्रू गिअर 'जुळवण्यासाठी' नाहीत, ते केवळ कुंपण आहेत. एकदा नीट लावले की त्यांना वारंवार हात लावायचे कारण नाही.

खरा धोका मात्र वेगळाच असतो. सायकल स्टँडवरून उजव्या बाजूवर पडते, किंवा गाडीतून नेताना डिरेलरवर दाब येतो. वरून काहीच दिसत नाही. पण हँगर आत वाकलेला असतो आणि कुंपणाची जागाच सरकलेली असते. पुढच्या खेपेला घाटात सर्वांत हलका गिअर टाकला, की डिरेलर स्पोकमध्ये अडकतो. चाक जागच्या जागी थांबते. डिरेलर, स्पोक आणि कधीकधी फ्रेमही तुटते. मागे ट्रक असेल तर पुढचे सांगायला नको. म्हणून सायकल उजवीकडे पडली असेल तर निघण्यापूर्वी मागे उभे राहून पाहावे. डिरेलरची दोन्ही लहान चाके चक्रीच्या सरळ रेषेत खाली उतरली पाहिजेत. ती स्पोककडे कललेली दिसली तर तो हलका गिअर वापरू नये आणि हँगर सरळ करून घ्यावा. हँगर मुद्दामच नरम धातूचा व बदलता येण्याजोगा केलेला असतो. प्रत्येक सायकलचा हँगर निराळा, म्हणून एक जादा बाळगावा.

साखळी 'लांबते' म्हणजे काय?

'चेन ताणली गेली' असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पोलाद ताणले जात नाही. पिना आणि त्यांभोवतीचा आतला भाग झिजतो. प्रत्येक जोडात अवघी ०.०६ मिलिमीटर झीज झाली, तरी ११० जोडांत मिळून साखळी सुमारे ७ मिलिमीटरने लांबते. मग तिचे रोलर दात्यांच्या खोबणीत नीट बसत नाहीत, ते दात्यांनाच कोरू लागतात आणि चढावर जोर लावताच साखळी घसरते. उभे राहून पेडल मारताना असे झाले तर स्वार सरळ हँडलवर आदळू शकतो.

मोजमाप घरच्या पट्टीने होते. नव्या साखळीत २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच भरते. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवावे. चोविसावी पिन १२ इंचांच्या खुणेपुढे एक सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या किंचित वर गेली असेल, तर झीज अर्धा टक्का झाली. ११ किंवा १२ गिअरच्या कॅसेटसाठी हीच बदलण्याची वेळ. त्याहून कमी चक्र्यांच्या कॅसेटवर पाऊण टक्क्यापर्यंत चालते. एक अष्टमांश इंच फरक म्हणजे एक टक्का झीज. एव्हाना कॅसेटही गेलेली असण्याची शक्यता मोठी. नवी साखळी टाकल्यावर ती आपल्या नेहमीच्या एक-दोन चक्र्यांवरच घसरते, याचे कारण हेच. चक्री जुन्या साखळीच्या मापाने झिजलेली असते. साखळी ही या संसारातील स्वस्त वस्तू आहे. ती वेळेवर बदलणे म्हणजे महागडी कॅसेट वाचवणे होय.

साखळी न घसरता पेडलच एकदम मोकळे सुटत असेल, तर दोष मागच्या चाकातील फ्रीहबचा आहे. तो कारागिराकडेच न्यावा.

वाटेत चेन पडली तर

बहुधा मोठ्या चेनव्हीलवरून लहानावर येताना साखळी आतल्या बाजूला पडते. चालत्या सायकलवर घाबरून जोर लावू नये. पुढचा गिअर मोठ्या चेनव्हीलकडे टाकून अलगद पेडल मारले तर पुष्कळदा ती आपोआप चढते. नाहीच चढली तर उतरावे, डिरेलर हाताने पुढे ढकलून साखळी सैल करावी, ती लहान चेनव्हीलच्या वरच्या दात्यांवर ठेवावी आणि मागचे चाक उचलून पेडल सावकाश पुढे फिरवावे. चाक फिरत असताना बोटे साखळीजवळ नेऊ नयेत. हे वारंवार घडत असेल तर पुढच्या डिरेलरची मर्यादा तपासून घ्यावी; आणि चढ सुरू होण्यापूर्वीच, पायांचा जोर क्षणभर हलका करून गिअर बदलण्याची सवय लावावी.

साखळी तुटलीच, तर चेन-टूल आणि आपल्या गिअरसंख्येला जुळणारी एक जोडकडी एवढ्यावर घरी पोचता येते. कड्या कमी झाल्या असतील तर मोठे चेनव्हील व मोठी चक्री ही जोडी टाळावी.

तेल : थोडे, पण नेमाने

तेल लागते ते साखळीच्या आत, पिनेला. बाहेरचे तेल फक्त धूळ धरते, आणि तेलात कालवलेली धूळ म्हणजे घोटीव कागदच. म्हणून आधी कोरड्या फडक्यात साखळी धरून पेडल उलटे फिरवत ती पुसावी. मग प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडावा, काही मिनिटे थांबावे आणि बाहेरचे सारे तेल पुन्हा पुसून टाकावे. गंज सोडवणारा फवारा हे वंगण नव्हे. तेलाचा शिंतोडा ब्रेकच्या डिस्कवर किंवा रिमवर उडू देऊ नये. पावसाळ्यात भिजून आल्यावर सायकल तशीच उभी केली तर एका रात्रीत साखळीवर तांबूस गंज चढतो. पाच मिनिटांची पुसणी तिचे आयुष्य वाढवते.

२०० किलोमीटरची ब्रेव्हे पूर्ण करायला साडेतेरा तास मिळतात. त्यात भोजन येते, पंक्चर येते आणि चेनही येते. दुरुस्तीला कोणी गाडी घेऊन येत नाही. आपली सायकल आपणच सांभाळायची, हाच त्या प्रकाराचा दंडक. तो रोजच्या सायकलस्वारालाही लागू आहे. आठवड्यातून एकदा फडके, महिन्यातून एकदा पट्टी आणि निघण्यापूर्वी मागून एक नजर, एवढे पथ्य पाळले तर घाटाच्या ऐन चढावर सायकल बहुधा दगा देत नाही.