नववर्षाचा संकल्प : लहान, पण रोजचा

"डॉक्टर, यंदा तब्येत सुधारायचीच," असे जानेवारीत अनेक रुग्ण मला सांगतात. मी विचारतो, "म्हणजे नेमके काय करणार?" तिथे बहुतेकांचे उत्तर अडते. मोघम संकल्प टिकत नाही.

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे. सवय नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा. वेळही ठरवा : सकाळचा चहा झाला की बूट पायात. रोजच्या कामाला जोडलेली सवय विसरत नाही. चाललात की कॅलेंडरवर खूण करा.

लंडनमधील एका अभ्यासात (२०१०) नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. माणसागणिक हा काळ १८ ते २५४ दिवस निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. तेव्हा खाडा पडला तरी संकल्प सोडू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा निघा.

रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. चालणे हे औषधाच्या जोडीला आहे, औषधाऐवजी नव्हे.