एअर इंडिया नेमकी कधी घसरली?

‘टाटांनी उभारली, सरकारने बुडवली’ हे वाक्य एअर इंडियाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतोच. मीही ते बरीच वर्षे म्हणत आलो. इतिहासाची माझ्याकडे पदवी नाही; रद्दीच्या दुकानांतून विमान कंपन्यांची जुनी वेळापत्रके जमवता जमवता मी या विषयात शिरलो. ती कालक्रमाने लावली, तेव्हा ते वाक्य तारखांशी जुळेना.

आरंभ सर्वांना ठाऊक आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून एक इंजिनाचे पस मॉथ विमान घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमानात प्रवासी नव्हता, पंचवीसेक किलो टपाल होते. ते पुढे मद्रासला नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. विलायतेहून कराचीपर्यंत विमानाने येणारी डाक दक्षिणेकडे लवकर पोहोचवायची, एवढाच हा धंदा. भांडवल दोन लाख रुपये. पावसाळ्यात जुहूची मातीची धावपट्टी पाण्याखाली जाई. मग दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा सगळा संसार पुण्याला, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवला जाई. पहिल्या वर्षी प्रवासी मिळाले १५५, पण टपालाच्या जोरावर नफा झाला ६० हजारांचा. म्हणजे सरकार या कथेत उशिरा आलेले नाही. टपाल त्याचेच होते; पहिले मोठे गिऱ्हाईक तेच.

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची ‘एअर इंडिया’ झाली. १९४८ मध्ये परदेशी उड्डाणांसाठी ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ निघाली, तिच्यात सरकारचा वाटा ४९ टक्के. ही योजना खुद्द जेआरडींची. त्याच वर्षी ८ जूनला ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले.

आता १९५३. राष्ट्रीयीकरण झाले. जेआरडींना ते मुळीच पटले नव्हते, तरी नेहरूंच्या आग्रहावरून ते विनावेतन अध्यक्ष राहिले. आणि इथेच माझी वेळापत्रके बोलू लागतात. १९६० मध्ये बोइंग ७०७ आली, त्याच वर्षी न्यूयॉर्क नकाशावर आले. १९६२ मध्ये ताफ्यातले पंख्याचे शेवटचे विमानही गेले, सगळी जेट. १९७१ मध्ये जम्बो. कंपनीची सगळ्यांत देखणी वर्षे सरकारी मालकीतली आहेत.

याचे श्रेय एकट्या जेआरडींना देण्याचा मोह होतो. ते मोठे आहेच. पण देशातल्या आठ लहानमोठ्या कंपन्या, त्यांची जुनी डाकोटा विमाने आणि तोट्याचे छोटे मार्ग इंडियन एअरलाइन्सच्या गळ्यात पडले होते. एअर इंडियाकडे आले ते लांब पल्ल्याचे मार्ग, जिथे देशादेशांतल्या करारांमुळे स्पर्धकही मोजकेच. ही वाटणी कुणी फारशी लक्षात घेत नाही.

१ जानेवारी १९७८ रोजी त्यांपैकी पहिलेच जम्बो, ‘एम्परर अशोका’, वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. मालक तोच होता; मालक आणि कारभारी यांच्यातले अंतर मात्र संपले. माझ्या मते घसरणीची खूण इथे करावी, १९५३ वर नव्हे.

कडेलोट त्याहून उशिरा झाला. दोन्ही सरकारी कंपन्यांनी मिळून १११ नवी विमाने कर्जाने मागवली आणि २००७ मध्ये त्यांचे विलीनीकरण केले गेले. दोन वेतनश्रेणी, दोन ज्येष्ठता याद्या, दोन तऱ्हेचे ताफे; त्यात आखाती कंपन्या प्रवासी खेचून नेत होत्या. त्यानंतर नफा असा दिसलाच नाही. ऑगस्ट २०२१ अखेर कर्ज ६१,५६२ कोटी रुपये होते. टाटांची बोली १८ हजार कोटींची, त्यातले रोख फक्त २,७०० कोटी.

राष्ट्रीय विमान कंपनी हवीच कशाला, असे विचारणाऱ्यांना १९९० चे कुवेत दाखवले जाते. तेव्हा एअर इंडियाने अम्मानहून लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. तो दाखला मला फार वजनदार वाटत असे. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी टाटांकडे परत गेली. २६ फेब्रुवारीला युक्रेनमधून सुटलेल्या २१९ भारतीयांना घेऊन बुखारेस्टहून पहिले विमान मुंबईला उतरले. तेही एअर इंडियाचेच होते, आणि तेव्हा ती सरकारी राहिली नव्हती.