मी की आम्ही? सहीआधी बघा

मैत्रिणींनो, बँकेच्या बऱ्याच इंग्रजी फॉर्मवर ‘आय/वुई’ असं छापलेलं असतं. ‘आय’ म्हणजे मी एकटी, ‘वुई’ म्हणजे आम्ही सगळ्या. ‘माय’ म्हणजे माझं, ‘अवर’ म्हणजे आमचं. जो लागू नाही तो शब्द खोडायचा असतो. अध्यक्ष-सचिव गटाच्या वतीने सही करतात, तेव्हा कर्ज ‘माय लोन’ नसतं, ‘अवर लोन’ असतं.

‘हिज’ म्हणजे त्याचं, ‘हर’ म्हणजे तिचं. आपण तिचा मळा, तिची शेळी, तिचं घर म्हणतो. इंग्रजीत तिन्हींना ‘हर’च. इंग्रजी फक्त मालक बाई की पुरुष एवढंच बघते. म्हणून शिलाई मशीन ताईचं असेल, तर कागदावर ‘हर’च हवं. ‘हिज’ दिसलं तर थांबा, विचारा, मगच सही करा.