कुत्र्याचे डोके हलले तर?

बालमित्रांनो, कुत्रा मनात काय विचार करतो हे कुणाला ठाऊक आहे का? त्याला तर बोलता येत नाही. पण शास्त्रज्ञांनी जागेपणी त्याच्या मेंदूची चित्रे काढली आहेत. गुरुजींनी वर्गात सांगितले, त्यातले मला समजले ते लिहितो.

अमेरिकेत अटलांटा शहरी एमरी विद्यापीठ आहे. तिथे ग्रेगरी बर्न्स या शास्त्रज्ञांनी २०१२ साली कॅली आणि मॅकेन्झी या दोन कुत्र्यांची अशी चित्रे काढली. त्या यंत्राला एम.आर.आय. म्हणतात. ते म्हणजे बोगद्यासारखे मोठे लोहचुंबक. ते फार खडखड आवाज करते. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे ताजे रक्त जास्त जाते. यंत्राला तो फरक कळतो.

गुंगीचे औषध दिले तर कुत्रा हलणार नाही, पण मग त्याला खूण कशी दिसणार? आणि त्यांना बांधायचेही नव्हते. म्हणून त्यांना आधी खोट्या बोगद्यात हनुवटी टेकून गप्प बसायला शिकवले. आवाजाची सवय केली, कानांवर झाकण घातले. कंटाळा आला तर कुत्र्याने खुशाल उठून जावे.

मग खूण दाखवली. एक हात वर केला म्हणजे खाऊ मिळणार. दोन्ही हात आडवे समोरासमोर धरले म्हणजे नाही मिळणार. खाऊची खूण बघितली की मेंदूतला एक ठरावीक भाग जास्त काम करतो, असे दिसले.

आता खरी अडचण ऐका. खाऊ म्हटला की कुत्रा डोके हलवणारच! चित्र बारीक बारीक चौकोनांचे असते, एकेक चौकोन साधारण ३ मिलिमीटरचा. डोके तेवढे जरी हलले तरी एका जागेचे चित्र शेजारच्या जागेवर जाते. मग वाटते मेंदू आनंदला, आणि खरे तर नुसती मान हललेली असते. म्हणजे खोटेच उत्तर.

आम्ही पातळ कागदावर महाराष्ट्राचा नकाशा गिरवत होतो. माझा कागद सरकला आणि पुणे अरबी समुद्रात गेलं! सगळे हसले. गुरुजी म्हणाले, "कागद परत सरकवून कडा जुळव बघू." जुळवल्यावर पुणे जागेवर आले. संगणकही असेच करतो. एक चित्र नमुना धरतो आणि बाकीची त्यावर बसवतो. सरकवायचे तीन प्रकार : डावी-उजवीकडे, वर-खाली, पुढे-मागे. फिरवायचेही तीनच : मान डोलावल्यासारखे, नाही म्हटल्यासारखे, खांद्याकडे कलल्यासारखे. एकूण सहा.

पण रेघ ओढता ओढताच कागद सरकला तर? रेघच वाकडी होते. ती जुळवून सरळ होत नाही. तसे, चित्र निघत असतानाच डोके जोरात हलले तर ते चित्र टाकून देतात. कुत्रा खाऊ खाताना निघालेली चित्रेही धरत नाहीत. खूण दाखवल्यानंतरची, खाऊ तोंडात जाण्याआधीचीच कामाला येतात.

पुढे २०१४ साली हंगेरी देशात बुडापेस्टच्या शास्त्रज्ञांनी ११ कुत्रे आणि २२ माणसे यांना यंत्रात आवाज ऐकवले. आपल्यासारखाच कुत्र्याच्या मेंदूतही आवाज ओळखणारा भाग आहे, असे त्यांना आढळले.

मी घरी आमच्या मोत्याला विटेवर हनुवटी ठेवायला शिकवले. मी आकडे मोजत होतो. बारा म्हटले आणि माशी आली, त्याने मान झटकली. आजी म्हणाली, "अरे, तू तरी बारापर्यंत गप्प बसतोस का?"

मला यातली एक गोष्ट आवडली. बिघडलेले चित्र शास्त्रज्ञ चांगल्या चित्रांत खपवत नाहीत. आणि कुत्र्याला मारून नव्हे, मायेने शिकवले म्हणून तो स्थिर बसला. तेव्हा मित्रांनो, शाळेच्या वाटेवर कुत्र्यांना दगड मारू नका. आपला आवाज त्यांना कळतो.

— इयत्ता चौथी