पिशवीतल्या दुधातील ‘अ’ आणि ‘ड’

दूध हे मुळातच पायस, म्हणजे पाण्यात स्निग्ध पदार्थाचे सूक्ष्म थेंब विखुरलेले मिश्रण असून, ‘अ’ आणि ‘ड’ ही पाण्यात न विरघळणारी जीवनसत्त्वे त्या थेंबांतच असतात. त्यामुळे संगमनेर वा राहाता परिसरात संकलित झालेल्या दुधातील स्निग्धांश काढून टोन्ड दूध तयार करताना त्यांचाही वाटा घटतो. (गाईच्या दुधात ‘ड’ मुळातच अल्प, ही गोष्ट सहसा विसरली जाते.) ही तूट भरून काढण्यासाठी तेलातील जीवनसत्त्वे पायसीकारकाच्या, म्हणजे तेल व पाणी एकत्र धरून ठेवणाऱ्या पदार्थाच्या, साहाय्याने बारीक थेंबांत फोडून दुधात मिसळता येतात. पुढे एकजिनसीकरणात, म्हणजे दूध उच्च दाबाने अरुंद फटीतून ढकलले जात असताना, सुमारे 3 ते 4 मायक्रोमीटरचे स्निग्धकण 1 मायक्रोमीटरहून लहान होतात आणि जीवनसत्त्वे सायीबरोबर वर न साचता सर्वत्र सारखी पसरतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनुसार अशा समृद्ध दुधात प्रतिलिटर ‘अ’ 270 ते 450 आणि ‘ड’ 5 ते 7.5 मायक्रोग्रॅम असावे लागते. ‘अ’ प्रकाशाने नष्ट होत असल्याने पिशवी उन्हात ठेवू नये. समृद्ध दुधाच्या पिशवीवर निळे ‘+एफ’ चिन्ह असते.