हौशी रेडिओ संचातील कंप्रता-स्थैर्य

हौशी रेडिओ संचातील कंप्रता-स्थैर्य : प्रेषक-ग्राही संचाची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आंदोलनांची संख्या) तापमान, काल व विद्युत् दाब यांच्या बदलांनी ढळू न देण्याची क्षमता. संचातील सर्व कंप्रता बहुधा एकाच क्वॉर्ट्‌झ स्फटिक आंदोलकापासून मिळवितात. त्यामुळे स्फटिकाची चूक त्याच प्रमाणात अंतिम कंप्रतेत उतरते. एक दशलक्षांश चूक १४ मेगॅहर्ट्‌झला अवघी १४ हर्ट्‌झ भरते व कानास क्वचितच जाणवते. सूक्ष्मतरंगांच्या बाबतीत मात्र तीच चूक संभाषण अशक्य करते.

१५ नोव्हेंबर २०१८ रोजी सोडलेल्या एसहेल-२ या कतारच्या भूस्थिर उपग्रहावरील क्यूओ-१०० हा हौशी प्रक्षेपानुवर्तक याचे उत्तम उदाहरण होय. पारोळ्याहून हा उपग्रह पश्चिमेस, किंचित दक्षिणेकडे, क्षितिजापासून सु. ३०° उंचीवर येतो. त्याचे १०,४८९·७५ मेगॅहर्ट्‌झच्या आसपासचे संदेश घेण्यास घरगुती दूरचित्रवाणीच्या तबकडीवरील एलएनबी हा परिवर्तक चालतो. त्यातील २५ मेगॅहर्ट्‌झच्या स्फटिकाची कंप्रता ३९० पट करून ९,७५० मेगॅहर्ट्‌झ मिळवितात. एक दशलक्षांश चुकीने ती ९·७५ किलोहर्ट्‌झने सरकते. एकपार्श्वपट्ट (एसएसबी) पद्धतीच्या ध्वनिसंदेशाची रुंदी मात्र सु. २·७ किलोहर्ट्‌झच असते. खानदेशात उन्हाळ्यात छायेतील तापमानही ४०° से.पुढे जाते. गच्चीवरील परिवर्तक त्याहून तापतो व पहाटे निवतो. साहजिकच साधा स्फटिक दिवसभर भटकत राहतो.

यावर उपाय म्हणजे स्फटिक काढून त्या जागी घरातील संदर्भ आंदोलकाशी बद्ध केलेला २५ मेगॅहर्ट्‌झचा संकेत समाक्ष तारेने वर नेणे. असा संदर्भ सामान्यतः १० मेगॅहर्ट्‌झचा असतो. स्फटिक भट्टीत सु. ७०° ते ८५° से.ला स्थिर ठेवल्यास चूक शतांश दशलक्षांश वा त्याहून कमी, म्हणजे येथे सु. १०० हर्ट्‌झच्या आत, राहते. जीपीएस उपग्रहांतील आणवीय घड्याळांच्या आधारे हा आंदोलक सावकाश दुरुस्त करीत राहिल्यास स्फटिकाच्या वार्धक्याचा दोषही जातो. अल्पकालीन स्थैर्य स्फटिकाचे व दीर्घकालीन अचूकता उपग्रहाची, अशी ही विभागणी आहे. प्रेषकासही तोच संदर्भ द्यावा लागतो. एरवी अर्धेच काम होते.

अचूक संदर्भ स्वच्छ असतोच असे नाही. कंप्रता ३९० पट करताना कलागोंगाट सु. ५२ डेसिबेलांनी वाढतो. त्यामुळे स्वस्त संश्लेषकाचा संकेत अचूक असूनही आवाज खरखरीत करतो. केवळ श्रवण करावयाचे असल्यास एवढा खटाटोप अनावश्यक होय : उपग्रहाच्या दीपसंकेताशी संगणकाद्वारे ग्राही जुळवून ठेवता येतो.